चार बोटांवरून

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी म्हातारे वडील आणि त्यांची मुलगी बसले होते.

“अण्णा, हा पट्टा मनगटावरून काढायचा नाही. परवा पंचगंगा घाटावर पितरांसाठी आकाशदिवा लावून येताना गल्ली चुकलात ना?”

“यात घंटी आहे का?”

“चिप आहे. कुणी मोबाईल जवळ धरला की तुमचं नाव-पत्ता दिसतो.”

“किती जवळ?”

“चार बोटांवर.”

“बस, इतकंच? पितरांचा दिवा तर नदीपल्याडच्या रेतीवरून दिसतो.”

“लांबून वाचता येणारी चिप असते, पण तिची फ्रिक्वेन्सी वेगळी. अंगाला चिकटली की ती मुकी होते. शरीरातलं पाणी तिचे सिग्नल पिऊन टाकतं.”

“म्हणजे आधी कुणीतरी जवळ यायला हवं.”

“हो, अण्णा.”

“मालविका, तुझी पुण्याची गाडी उद्याच ना?”