आ सेंगचा शेवटचा सौदा

(पिनांग. चेंग बेंगची सकाळ, पितरांना जेवू घालायचा दिवस. आ सेंगच्या थडग्यापुढे त्याची बायको गेक किम पान मांडतेय. सोबत मुलगी सू ईन; ती आईला ‘मा’ आणि वडिलांना ‘पा’ म्हणते.)

सू ईन : अगं मा, कॉफीत साखर किती! डॉक्टरांनी पाला काय सांगितलं होतं?

गेक किम : आता डॉक्टर काय वाकडं करणारेत त्याचं? पिऊ दे पोटभर.

सू ईन : बरं, पण विषय बदलू नकोस. पाच्या त्या कॉल ऑप्शनची, म्हणजे ठरल्या भावाला शेअर घ्यायच्या हक्काची, मुदत शुक्रवारी संपतेय.

गेक किम : संपू दे.

सू ईन : संपू दे काय! त्या अमेरिकन चिपवाल्या कंपनीचा शेअर पा म्हणाला तस्साच वर गेलाय. हॉस्पिटलच्या खाटेवरून घेतलेला सौदा, आणि नेमका तोच फायद्यात!

गेक किम : जन्मभर आपटी खाल्ली मेल्याने. म्हणून तर विकवत नाही गं. रोज उठल्या उठल्या फोन उघडते. कधी हिरवं, कधी लाल. वाटतं, त्याचं अजून काहीतरी चाललंय.

सू ईन : मा...

गेक किम : रडू नकोस. उदबत्त्या नीट धर, हात भाजेल.

सू ईन : खातं तुझ्या नावावर आहे. मी जबरदस्ती नाही करणार.

गेक किम : त्यालाच विचारू. दोन नाणी दे. एक छापा, एक काटा पडला तर ‘हो’.

सू ईन : नाणी टाकून ‘जेवलात का’ विचारतात, शेअरचा भाव नाही!

गेक किम : तुझ्या पाचं जेवणात लक्ष असायचं कधी? एका हातात चॉपस्टिक्स, दुसऱ्यात फोन. आ सेंग, ऐकतोयस ना? विकू का रे?... दोन्ही छापे.

सू ईन : दोन्ही छापे म्हणजे नुसता हसतोय, ना हो ना नाही.

गेक किम : बघ! अख्खा संसार असाच केला. काही विचारलं की हसायचं, आणि ठरवायचं मी.

सू ईन : मा, तू काहीच केलं नाहीस ना, तर शुक्रवारी ब्रोकरचं कॉम्प्युटर आपोआप विकून टाकेल.

गेक किम : कॉम्प्युटर? याचा शेवटचा सौदा कॉम्प्युटर मिटवणार?

सू ईन : हो.

गेक किम : आण तो फोन इकडे. माझा चष्मा कुठाय? हं. कुठे दाबू?

सू ईन : इथे. आता ‘विक्री’.

गेक किम : दाबलं. झालं? संपलं?

सू ईन : नाही गं. अमेरिकेत आत्ता रात्र आहे. आपली रात्रीची जेवणं झाल्यावर तिथला बाजार उघडेल, तेव्हा विकलं जाईल.

गेक किम : मग तोवर आहे तो. बस ना जरा, कसली घाई आहे तुला?