आधी सात वाट्या

— न्हाई साहेब, ताट मागनं. आधी ह्या सात वाट्या. दोन-दोन घासच हायत, पोट भरायला न्हाईतच त्या. किल्ला बघायला आलेल्या माणसाला शिवम्माच्या खानावळीत आधी असंच वाढत्यात. कुणी पाडली ही पद्धत? मीच की. शेंगाची चटणी, कारळाची, डाळकांदा, भरलं वांगं, आन् ह्या बाकीच्या तीन — खावा, आन् एकेकाचं मीठ कसं हाय तेवढं सांगा. मी? मी चाखत न्हाई. आमी लिंगायत, पूजा होऊन निवद दाखवल्याबिगर जिभेला काय लावत न्हाई. लोक म्हणत्यात, शिवम्माचा नेम लई कडक. आता पूजा सकाळी सातलाच होती आन् अकरा वाजलेत, ते सोडा.

चटणी बरी हाय? बरं. रोजच्या गिऱ्हाइकाला का विचारत न्हाई म्हणता? ती मिलची माणसं, दहा वर्सं जेवत्यात, भिडेखातर गप बसत्यात. तुमी आज हितं, उद्या पुण्याला — तुमाला खोटं बोलून काय मिळायचंय? दुष्काळाच्या सालात मला टायफॉइड झाला, साहेब. केस परत आले, ताकद आली, चव तेवढी आली न्हाई. पोरीला पण ठाव न्हाई हे. तुमाला कशाला सांगितलं कुणास ठाव — जाऊ द्या, डाळकांदा घ्या.

ही जागा थोरल्या दिरांची, वीरभद्रप्पांची. मागच्या सोमवारी कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, शिवम्माचं कालवण खारट झालतं म्हणून. आज सोता जेवून बघणार हायत. चुकलं तर उद्यापासनं चुलीपुढं त्यांची सून. मग मी कुटं जायाचं? कुटंच न्हाई. दुसरं येतंय काय मला? लई भ्या वाटतंय साहेब, खोटं कशाला बोलू. त्यांना आवडतंय म्हणून वांगं केलंय, चारच उरल्यात —

वाटी का सारली? वांग्याचीच न्हवं ती? कमी झालंय का जास्त? नुसती मान हलवा —

या भाऊजी, बसा की. हे पाहुणे, पुण्याचे. विचारा की त्यांनाच, कसं झालंय —

काय म्हणता साहेब? आणखी वांगं? एक?... चारी?

वाढते. — हो भाऊजी, संपली की. आवडली त्यांना, मी काय करू? तुमाला डाळकांदा वाढते, तो बरा झालाय म्हणत होते. डोळ्याला पाणी? तिखटानं हो, सवय नसती पुण्याच्या माणसाला.

ताट राहू द्या साहेब, ऱ्हायलीय कुटं आता जागा तुमाला. जावा, किल्ला बघून घ्या. — थांबा. तांब्या भरून ठेवलाय तितं. सगळा पिऊन जावा.