फोन चालू असावा

बारामतीहून सणसरला निघालेल्या एसटीत अश्लेषाच्या मागं एक आजी-आजोबा बोलत होते.

"रशिया युक्रेनमधी घुसला, तवापास्नं अमेरिका लई चिडलीय."

"मंग दोघांचं बोलणंच तुटलं?"

"समदं न्हाय. दोघांच्या फौजांनी एक फोन चालू ठेवलाय. चुकून भडका उडाया नको."

"आन् भाऊजींच्या म्हशी आपल्या मक्यात घुसल्या, तर तुमी त्यांचा नंबरच पुसलासा."

आजींनी पिशवीतून आपला फोन काढला.

"माझ्याकडं हाय नंबर. लावू?"

"लाव."

अश्लेषानं हळूच कानातली गाणी बंद केली.

"हॅलो... व्हय, गेणबाच बोलतोय. रडतोस कशाला, येड्या? मका काय, परत उगवतोय. तू जेवाया ये."

सणसर आलं तरी आजोबांचं बोलणं सरेना. आजींनी त्यांना दंडाला धरून, बोलता बोलताच, खाली उतरवलं.