दहा बाय दहाची परवानगी

नाय, तुमीपन तेच बोलनार, मला माहीत हाय... "कमळाकर, तुला विचारायला कोनी सांगितलं होतं?" अख्खा गाव हेच बोलतो, बायको बोलते, परवा तर गॅसचा सिलेंडर घेऊन आलेला मानूस बोलला, आता त्याचा काय संबंध, सांगा! अरे पन गुन्हा काय केला मी? मी फक्त विचारायला गेलो होतो.

तुमाला सांगतो, आमी दिघ्याकडचे, मूळ गावातले. शेती गेली, मिठागर गेलं, राहिलं ते दोन खोल्यांचं घर. त्यात आमची आई, गोजरा, वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आनि संडास कुठं, तर मागच्या परसात, चार पायऱ्या उतरून! श्रावनात पडली. भर दुपारी. कोनाला हाक नाय मारली, पायरीवर तशीच बसून राहिली, का, तर सून आत्ताच आडवी झालीय, तिला कशाला उठवा... मी ड्युटीवरून आलो तवा बोलली, "कमळा, मला आतच कायतरी कर रं." सगळ्या आयुष्यात त्या बाईनं माझ्याकडं मागितलं काय, तर संडास. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. ठरवलं, दहा बाय दहाची खोली काढायची, तिच्यातच संडास.

आता आमच्या गावात घर कसं बांधतात? हा बाजूचा रूपेश, माझा चुलत पुतन्या, भिंतीला भिंत. शुक्रवारी संध्याकाळी आतलं काम दिसू नये म्हनून हिरवी जाळी लावली, शनिवार-रविवार ऑफिस बंद, सोमवारी बघतो तर स्लॅब! असे करत चार मजले, वर पान्याची टाकी, खाली गनपतीची टाइल. त्याला कोन काय बोललं? कोन नाय! मलापन बोलला, "काका, जाळी देतो माझी, पडूनच हाय." पन मी तळोज्याला केमिकल कंपनीत फिटर, अठ्ठावीस वर्षं. तिथं परमिटवर सही झाल्याबिगर पाना उचलायचा नाय. शिडी चढायची? परमिट. वेल्डिंग? परमिट. अंगात भिनलंय ते माझ्या. म्हनून मी फक्त विचारायला गेलो होतो.

तिथं पालिकेच्या ऑफिसात एक मॅडम. गोड बोलनारी, तोच तर वांधा, खेकसनारी असती तर भांडलो तरी असतो! "काका, प्रॉपर्टी कार्ड आणलंय का?" मी बोललो, गावठानाची मोजनीच झाली नाय, कार्ड कुठून येनार? "मग मोजणी झाली की या ना!" मी घरपट्टीची जुनी पावती काढली, आजोबांच्या नावाची. "जानू कोण? यांची संमती लागेल." मी बोललो, ते वारले. "अरेरे, कधी?" माझ्या जन्माच्या आधी. तिला खरंच वाईट वाटलं हो... मग बोलली, "मृत्यूचा दाखला जोडा." खाडीच्या काठाला जाळला मानूस, दाखला कोन घेतो? मग वारस शोधा, तेवीस निघाले, एकजन दुबईला! आनि सगळं जमवून नकाशा दिला तर बोलते, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागेल. सोडली, कागदावर. खोली उरली दीड फूट! आईला काय उभी झोपवू?

तरी मी गेलो. अकरा महिने. आई रोज विचारनार, "झाली का रं सही?" आनि रोज त्या चार पायऱ्या, मी घरी असलो तर मी धरून, नाय तर भिंत धरून.

शेवटी एक साहेब आले टेप घेऊन. आईनं त्यांना चहा दिला, बोंबलाची चटनी बांधून दिली, बोलली, "बाबा, लवकर व्हऊ दे, माझ्या हाती दिस थोडं हाईत." त्यांनी मान हलवली, खोलीची जागा मापली, मग सगळं घरच मापलं. आठ दिवसांनी कागद आला. काय लिवलंय? तुमच्या चालू घराचीच परवानगी नोंदीत सापडत नाय, सबब घर अनधिकृत, काढून टाका! अख्ख्या गावात एकच नोटीस. का? फाइल एकाचीच होती ना! रूपेशची बिल्डिंग कुठल्या कागदावर हाय? आनि मी... मी फक्त विचारायला गेलो होतो!

आईला वाचता येत नाय. तिनं गोल शिक्का बघितला आनि बोलली, "आली परवानगी?" बायको माझ्याकडं बघतेय. मी बोललो, "आली." काय करू? तिनं कागदाला हळदकुंकू लावलं, देव्हाऱ्यात ठेवला, आळीत साखर वाटली. सगळ्यांना नोटीस ठाऊक, तरी सगळ्यांनी साखर खाल्ली.

मी हरकत घेतलीय, सुनावनी हाय. तवर वीट काढायची नाय, वीट लावायची नाय. मग रूपेशनं तळमजल्याची खोली दिली आईला, आतच संडास, पोरगं चांगलं हाय हो... फक्त बोलला, "काका, पोलीस ठान्यात भाडेकरूचा फॉर्म द्यावा लागतो, नियम हाय." मी आईजवळ बसून भरला. नाव, वय, कुठून आलात? बाजूच्या घरातून. किती दिवस राहनार? मी थांबलो. आई बोलली, "त्यात काय थांबतोस? लिव ना, आपली खोली बांधून व्हईस्तवर."

लिवलं.