पूर्णविराम धाकट्याच्या वाट्याला

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एक साधा प्रश्न विचारतो. भांडणात आपलंच खरं ठरलं, अगदी चारचौघांनी मान्य केलं, तर माणसाच्या हाताला नेमकं काय लागतं?

सांगा की! ते खांबाजवळचे काका हसतायत. काका, तुमचं कालच खरं ठरलेलं दिसतंय. रात्री जेवायला वाढलं का घरी? — मान हलवतायत. म्हणजे विषय बरोबर निवडला मी.

तर ऐका. सावळेश्वर नावाचं गाव. त्या गावात इंग्रजीची शिकवणी चालवणारे दोन सख्खे भाऊ होते. थोरला विश्वंभर खुरसाळे, धाकटा हणमंत खुरसाळे. वडिलांनी एक लांबट खोली, एक मोठा फळा आणि इंग्रजी भाषा एवढी इस्टेट मागे ठेवली होती. गावातल्या लोकांना इंग्रजीत काही अडलं, की ते या भावांकडे यायचे. आपण देवळात येतो तसे, अडल्यावरच!

कुणी विचारायचं, "सर, मे महिन्याला मोठं अक्षर, मग उन्हाळ्याला का नाही? घाम तर उन्हाळ्यानंच येतो!"

विश्वंभर शांतपणे सांगायचा, "महिन्याचं बारसं झालंय, उन्हाळ्याचं नाही झालं. ज्याला स्वतःचं नाव, त्याला मोठं अक्षर."

"आणि सगळीच अक्षरं मोठी काढली तर?"

"मग वाचणाऱ्याला वाटतं, तुम्ही ओरडताय."

"मी ओरडतोच!"

"मग काढा."

बापू वाण्याचे सासरे वारले. तो हणमंताकडे आला. "सर, निधनाच्या बातमीला उद्गारचिन्हं किती द्यावीत? मी तीन दिलीत."

हणमंत म्हणाला, "शेटजी, तीन दिली की जावयाला आनंद झालाय असं वाटतं. एकसुद्धा नको. पूर्णविराम द्या. गेलेल्या माणसाला तेवढाच शोभतो."

असं सगळं सुखात चाललेलं. आता सुखात चाललेल्या घरात बिघाड कुठून शिरतो? मंडळी, तो कधी मोठ्या दारानं येत नाही. इथं तो स्वल्पविरामातून शिरला!

झालं काय, वर्गाला नवी पाटी करायची ठरली. पाटीवर इंग्रजीत तीन गोष्टी यायच्या होत्या : ग्रामर, स्पेलिंग अँड हँडरायटिंग. आता त्या 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही? विश्वंभर म्हणाला, द्यायचा. हणमंत म्हणाला, गरज नाही. पेंटर शिडीवर. खालून थोरला म्हणतोय दे, धाकटा म्हणतोय पुस. दे, पुस, दे, पुस! शेवटी पेंटर म्हणाला, "सर, तुमचं ठरू द्या. मी जेवून येतो." तो जो गेला तो गेलाच. दुसऱ्या गावात दुकान टाकलं म्हणे त्यानं.

विश्वंभर बोलून गेला, "वडिलांच्या खोलीत मी थोरला आहे. माझं चालेल."

हणमंत म्हणाला, "मग वाटणी कर."

झालं! आपल्याकडे एकदा हा शब्द उंबऱ्यात पडला, की तो उचलायला कुणी वाकत नाही. पंच म्हणून शेषेराव आले. निवृत्त तलाठी. माणसानं आयुष्यभर शेतं मोजलेली, इंग्रजी कधी मोजलेली नव्हती. पण मोजणारा तो मोजणारा! खोलीत मधोमध प्लायवूड ठोकलं. फळा करवतीनं कापला. आणि मग शेषेराव म्हणाले, "आता भाषा आणा."

दोघांनी भाषा पुढं मांडली.

"थोरल्याला मोठी अक्षरं," शेषेराव म्हणाले. "धाकट्याला विरामचिन्हं. कबूल?"

"कबूल."

"ते अक्षराच्या डोक्यापाशी लोंबतंय, ते काय?"

"अपॉस्ट्रॉफी," हणमंत म्हणाला.

"ते बांधावरचं झाड. फळं दोघांची."

"आणि दोन शब्दांच्या मधली मोकळी जागा?" विश्वंभरानं विचारलं.

"गायरान," शेषेराव म्हणाले. "कुणी नांगरायची नाही."

हसू नका, मंडळी. तुमच्या घरात पाट्या-वरवंट्याची वाटणी झाली, तेव्हा पाटा एकाकडे नि वरवंटा दुसऱ्याकडे गेलाच होता की! वाटलं कुणी त्यानंतर चटणी?

दुसऱ्या दिवसापासून विश्वंभर फक्त मोठी अक्षरं शिकवू लागला, हणमंत फक्त खुणा. थोरल्याच्या पोरांचा मजकूर सुरू व्हायचा, पण थांबायचा नाही. वाचता वाचता एक साहेब म्हणे धाप लागून खाली बसले. धाकट्याच्या पोरांची वाक्यं जिथल्या तिथं थांबायची, पण त्यात गाव लहान, माणूस लहान, देवसुद्धा लहान अक्षरात! ज्याला अख्खं वाक्य हवं, त्यानं दोन्ही वर्गांना जायचं.

भाऊ एकमेकांशी बोलेनात. पण प्लायवूड ते प्लायवूडच, त्यातून आवाज कुठं अडतोय! विश्वंभर इकडे वाक्य सांगायचा, "इंडिया इज माय कंट्री..." आणि थांबायचा. खूण सांगायचा त्याला हक्क नव्हता. तेवढ्यात पलीकडून, आपल्याच पोरांना काही सांगितल्यासारखं करून, हणमंत म्हणायचा, "फुलस्टॉप." इकडची पोरं टिंब द्यायची. हणमंत पलीकडे म्हणायचा, "नाव आलं की काय करायचं, ते ज्याचं त्याला माहीत." आणि विश्वंभर भिंतीकडे न बघता मोठ्यानं म्हणायचा, "कॅपिटल!"

अशी बरीच वर्षं गेली. विश्वंभर घरी बायकोला म्हणायचा, "माझा त्याच्याशी संबंध नाही."

इंदुवहिनी म्हणायच्या, "हो ना. दिवसभर वाक्यं तेवढी मिळून पुरी करता."

आणि एक दिवस कळलं, हणमंत गाव सोडतोय. लातूरला मेहुण्याचा क्लास, तिकडे चाललाय. कायमचा. गावात गडबड उडाली. लोक शेषेरावांकडे धावले, "विरामचिन्हं लातूरला गेली तर आम्ही थांबायचं कुठं?"

शेषेराव दोघांना समोर बसवून म्हणाले, "हणमंता, हिस्सा बरोबर नेणार, की थोरल्याला सोडणार?"

हणमंत खाली बघत म्हणाला, "सोडला. दादालाच राहू द्या."

बघा मंडळी! सगळी भाषा विश्वंभराची झाली. स्वल्पविराम त्याचा. तो 'अँड'च्या आधी द्यायचा की नाही, हे सांगणारा तोच. पंचांसमोर, गावासमोर, त्याचं खरं ठरलं! घरी येताना त्याला वाटलं, आता छाती भरून येईल. आली नाही. त्याला वाटलं, चढामुळे असेल. सावळेश्वरात चढ नाही.

सकाळी तो वर्गावर उभा राहिला. पोरांनी पेनं उचलली. त्यानं वाक्य सांगितलं, "द सन राइजेस इन द ईस्ट..."

आणि सवयीनं थांबला.

पलीकडून काही आलं नाही.

पोरं पेन टेकवून बसलेली. आता खूण त्याचीच होती. एक शब्द बोलायचा, संपलं! त्यानं तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आला, आणि परत गेला. पलीकडच्या मोकळ्या खोलीत पंखा तेवढा फिरत होता, हणमंत बंद करायला नेहमीसारखा विसरलेला.

"सर, पुढं?" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"पुढं थांबा," विश्वंभर म्हणाला, आणि हातातल्या खडूसकट स्टँडकडे निघाला.

लातूरची गाडी लागलेली. हणमंताचा एक पाय पायरीवर. विश्वंभर धापा टाकत समोर उभा राहिला. इतक्या वर्षांनी बोलायचं काय? तो म्हणाला, "हणम्या, एक वाक्य अर्धं राहिलंय."

"कुठलं?"

"सूर्य उगवलाय. पण थांबत नाही."

"दादा, सगळं तुझ्या नावावर केलंय की!"

"मला नको ते. माझ्या तोंडात बसत नाही." मग जरा घुटमळून म्हणाला, "आणि ऐक. तो पाटीवरचा स्वल्पविराम... तुझं चालत होतं."

हणमंत म्हणाला, "तुझंही चालत होतं. दोन्ही चालतात. जे धरलं ते शेवटपर्यंत पाळायचं, एवढाच नियम. पुस्तकात आहे."

"तुला माहीत होतं? कधीपासून?"

"भांडणाच्या दिवशी संध्याकाळीच बघितलं मी."

विश्वंभर हातातल्या खडूकडे बघत म्हणाला, "मी दुपारी बघितलं होतं."

ऐकलंत? दोघांनाही ठाऊक! सगळी वर्षं ठाऊक! आणि मधे एक प्लायवूड!

कंडक्टर ओरडला, "ओ सर, चढताय का उतरताय?"

हणमंतानं थोरल्याच्या हातातला खडू बघितला. पायरीवरचा पाय खाली घेतला आणि म्हणाला, "उतरतोय. पंखा चालू राहिलाय माझा."

दोघं वर्गाच्या दारात आले. आत बघतात तर काय, एकही पोरगं जागचं हललं नव्हतं! वाक्य संपलं नव्हतं ना! सगळ्यांची पेनं तशीच कागदावर टेकलेली. हणमंत दारातूनच म्हणाला, "फुलस्टॉप."

आणि सगळ्या वर्गानं एकदम श्वास सोडला.

पुढं प्लायवूड काढलं, त्याचा चपलांचा स्टँड केला. फळ्याचे तुकडे शेजारी शेजारी ठोकले, पण करवतीची फट राहिली ती राहिलीच. अजून लिहिताना खडू तिथं अडखळतो. मग पलीकडून दुसरा हात पुढं येतो, आणि उरलेलं वाक्य पुरं होतं.

आता मंडळी, काका, तुम्हीसुद्धा. भांडण कशावरून झालं ते मी विचारत नाही. बांध असेल, आहेर असेल, पंगतीत आधी कुणाला वाढलं ते असेल. देवाला तुमचं व्याकरण तपासायचं नाही. तो एवढंच बघतो, की भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला तेव्हा तुम्ही कान दिला का. दोघांचंही चालत होतं, हे तुम्हाला त्याच दिवशी दुपारी कळलेलं असतं. होय ना?

मग माझं आख्यान मी इथं अर्धं सोडतो. शेवटची खूण मी देत नाही, ती माझ्या वाट्याची नाही. ज्याच्याकडे आहे, त्याला आज घरी जाऊन हाक मारा. आणि तो येईपर्यंत पेन उचलू नका...