सातव्या नंबरची म्हैस

नाई नाई, बंद करा आधी, अय्युबभाई — या घरघरीत माह्या डोक्यातले शब्द पळून जातात. हां. आता उतरा खाली, बसा या बाकड्यावर. गिला वडा आणला आहे, दही आत्ताच टाकलं, थांबला तं त्याचा लगदा होते. मशीन कुठी पळून जाते का? जेसीबी आहे, बकरी नाई. मले मालूम आहे तुमाले काय सांगितलं ते — ‘अकोलेवाले यायच्या आत समोरचं टेकाड घासून सपाट करा, वरून रेती टाका, रोलर फिरवा, पाहुण्याईले समजलं नाई पाहिजे.’ हेच ना? शब्दान् शब्द बरोबर आहे ना? असणारच. देवमन पाटील म्हणजे माह्या बापाचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा, या क्लबाचे अध्यक्ष — अन् त्याईचा आवाज असा का, ते घरात कानात बोलले तरी चांदूर रेल्वेच्या स्टेशनवर ऐकू जाते. खा ना. टेकाड कुठी जात नाई. जाऊ नये म्हणून तं मी बसली आहे.

तुमी बडनेऱ्याचे, तुमाले वाटत असन हे काय येड्याईचं वावर — ना कपाशी, ना तूर, अन् मोठे मोठे लोक काठी घेऊन फिरून राहिले. गोल्फ आहे हे. चेंडू मारायचा, झेंड्यापाशी जे बीळ आहे त्यात घालायचा, कमी ठोक्यात घातला तो जिंकला — झालं, एवढंच शास्त्र. पण हे मैदान ज्यानं आखलं ना — कोणी गोरा रस्त्याचा इंजिनिअर होता म्हणतात, नाव कोणालेच येत नाई — त्याचं डोकं होतं. त्यानं पाहिलं, खाली काळी माती, उन्हाळ्यात भेगा अशा का कुत्र्याचं पिल्लू जाईन, पावसाळ्यात चिखल असा का बैलाचा पाय निघत नाई. मंग त्यानं काय केलं? काळ्या मातीशी भांडला नाई. हा जो मुरमाचा उंचवटा आहे, त्याच्या पाठीवर सगळे बीळ बसवले. पाणी दोन्हीकडून पळून जाते. अन् गवत? लावलंच नाई! इथं बिळाभोवती रेती, जळकं तेल शिंपडून रोलर फिरवून पक्की केलेली — तिले ब्राऊन म्हणतात. खेळून झालं का फळी ओढायची, आपल्या पायाचे निशाण पुसायचे, मागच्याले स्वच्छ जागा द्यायची. पाणी लागत नाई, माळी लागत नाई. आपल्या मुलखाले शोभते.

आता पाहा समोर. तो उजव्या बाजूनं घसरलेला उंचवटा, सातव्या नंबरच्या बिळाचा — त्याले सगळे म्हैस म्हणतात. दिसते ना पाठ? झेंडा पाठीच्या मधोमध. आता तुमी चेंडू कुठी माराल? झेंड्यावर. बरोबर? चूक! झेंड्यावर सरळ मारला का म्हैस अंग झटकते, अन् चेंडू उजव्या हाताले खाली नाल्यात. मारायचं तिकडं — त्या कडुलिंबाच्या बुडाकडं, झेंड्याकडं अर्धी पाठ करून. मंग चेंडू तिच्या पाठीवरून आपल्या मनानं वळते, हळू हळू, जसं काही कोणी बोट धरून नेऊन राहिलं, अन् बिळापाशी येऊन बसते. येडं लावते हो ते.

अन् मोठेबाबा? मोठेबाबा जन्मभर सरळ मारत आले. ‘जमीन मालकाच्या ऐकण्यात पाहिजे’ — हे त्याईचं वाक्य आहे, माहं नाई. दर सालच्या मॅचले चेंडू नाल्यात. दर साली अकोलेवाले तोंडाले रुमाल लावतात. माणसानं काय करावं? आपला हात बदलावा. यायनं काय ठरवलं? म्हैसच कापावी! अन् क्लबातल्या बाकीच्याईनं, सगळे पांढऱ्या मिशीवाले, माना डोलावल्या. ‘नूतनीकरण.’ शब्द किती गोड आहे. टूथपेस्टसारखा.

तुमाले वाटते मी बुढ्याईले उगाच नावं ठेवते? मंग तिसरा नंबर पाहा जाऊन. तिथली ब्राऊन उखडली, विलायती हिरवळ लावली. बरं, लावली तं लावली. पण मोठेबाबा संत्र्याचे बागवान ना! त्याईचा हात कसा राहीन? पाणी वाहून गेलं का त्याईचा जीव वाहून जाते. त्याईनं हिरवळीचा उतार काढून टाकला, परातीसारखी सपाट केली, अन् चारही बाजूनं — हसू नका, वडा नाकात जाईन — चारही बाजूनं आळं केलं! संत्र्याच्या झाडाले करतात तसं, मातीचा कठडा, लिंपून. ‘एक थेंब बाहेर गेला नाई पाहिजे.’ गेला नाई. श्रावणात टोंगळाभर पाणी, बेंडकाईची सभा. अकोल्याचे एक रिटायर मास्तर पँट वर करून पायानं चेंडू चाचपत होते, अन् मोठेबाबा काठावरून सांगतात, ‘पाहा, ओल कशी धरली!’ अन् हिरवं गवत पाहून रोही आले, नीलगायी हो. आधी दोन, मंग सगळं खटलं. पहाटे पंगत बसते. पाचव्या नंबरले पांढरी रेती आणली होती, दुरून, चाळून — मे महिन्यात वावटळ आली, सारी रेती बाजूच्या पुंजारामच्या तुरीत. तो म्हणते, माह्या वावरात आता तुमचाच क्लब आहे. तरी अक्कल आली? नाई. आता सातवा.

फोन वाजून राहिला तुमचा. नका उचलू. मोठेबाबाच असतील — उचलला तं विचारतील झालं का, तुमी म्हणाल नाई, ते म्हणतील काहून, तुमी म्हणाल तुमची पुतणी वडा खाऊ घालून राहिली — मंग माही सकाळ खराब. वाजू द्या. बरं, खिसे काहून चाचपून राहिले? किल्ली? पडली असन कुठीतरी. सापडन. मोठी गोष्ट आहे का किल्ली म्हणजे... पाहा, असं पाहू नका माह्याकडं. माह्याच खिशात आहे. मशीनवरून उतरताना तुमी वड्याकडं पाहून राहिले होते, मी किल्लीकडं. परत देईन, आईशप्पथ. फक्त घंटा वाजू द्या.

कोणती घंटा? क्लबातली. मॅचचा पहिला चेंडू उडाला का ती वाजते, अन् मंग संध्याकाळपर्यंत मैदानाले कोणी हात लावाचा नाई, दगडसुद्धा सरकवाचा नाई. नियम आहे. कोणी केला? मोठेबाबांनीच! मागच्या साली अकोल्याच्या एकानं काटकी उचलली म्हणून. आता अकोलेवाले नऊला येणार होते, तोवर तुमचं काम होऊन गेलं असतं. पण आम्ही लवकर — म्हणजे ते, अकोलेवाले, ते लवकर निघाले. त्याईले कोणीतरी फोन केला असन.

‘आम्ही’ म्हणाली का मी? म्हणाली. जाऊ द्या, तुमच्यापासून काय लपवायचं, तुमाले तं मी लुटलंच आहे. हे जॅकेट पाहा. हे काढलं का खालून काय निघते? पिवळा शर्ट. अकोल्याचा. मी तिकडं नोकरी करते, तिथल्या क्लबाची मेंबर झाली, आज त्याईच्याकडून खेळून राहिली. फितूर म्हणा, चालते. काहून नाई होणार? इथं मी सातव्या वर्गापासून खेळते, अन् टीममध्ये घ्या म्हटलं तं मोठेबाबा म्हणतात, ‘बायांचा दिवस बुधवार.’ बुधवार! जशी मी बाजाराची भाजी. अकोल्याच्या कॅप्टन जहाँआरा मॅडमनं माहा एक ठोका पाहिला अन् म्हटलं, चल. अन् आपल्याकडं रिवाज आहे — जिंकलेला कॅप्टन हरलेल्या क्लबाले एक गोष्ट मागते, अन् ती द्याच लागते. मागच्या साली त्याईनं आमचा खानसामा महिनाभर नेला, सगळा क्लब खिचडीवर होता. या साली मॅडम मागणार — म्हशीले कोणी हात लावाचा नाई, कधीच. पण मागाले जिंकलं पाहिजे. अन् जिंकाले म्हैस पाहिजे! कारण खरं सांगू? बाकी नंबरावर मी काही फार मोठी नाई. पण म्हशीवर... ते पाणी, ती काळी माती, तो गोरा इंजिनिअर, सगळं खरं आहे हो, मी खोटं नाई बोलली. पण आधी मले मोठेबाबाले हरवायचं आहे. इथंच. त्याईच्या डोळ्यासमोर.

ऐका! वाजली! वाजली ना? जहाँआरा मॅडमनं मारला पहिला. हे घ्या तुमची किल्ली, पुसून देते, दही लागलं. आता तुमी मशीन चालू करून दाखवा, पूर्ण क्लब तुमच्या अंगावर येईन, नियम घेऊन.

उठू नका, उठू नका, पळायचं नाई. आमच्यात सगळ्या जोड्या वेगवेगळ्या नंबरावरून सुरू करतात, म्हणजे सगळ्याईचं संगच संपते. सातव्यावरून कोण? मोठेबाबा, अन् अकोल्याचा एक ‘नवा पोरगा’ — त्याईले तेवढंच सांगितलं आहे. ते पाहा आलेच. कॅप घातली, मिशीले ताव देऊन आहेत... जेसीबी दिसला. थांबले. म्हैस दिसली, अख्खी. आता मी जॅकेट काढते. या मोठेबाबा, नमस्कार करते! हो, मीच नवा पोरगा. नाई, यायले काही बोलू नका, यायची चूक नाई, यायची किल्ली हरवली होती. घंटा झाली मोठेबाबा, तुमचाच नियम. पहिला मान तुमचा, मारा.

पाहा अय्युबभाई, पाय कसे रोवले. झेंड्यावरच नजर. सरळच मारणार, देवानं सांगितलं तरी सरळच... गेला! सुंदर गेला, एकदम झेंड्यावर — पडला — अन् पाहा, पाहा तिची पाठ — गेला. नाल्यात. आवाज आला ना, डुबुक? हसू नका. मले हसवू नका, माहा नेम जाईन.

सरका, आता माही पाळी. कडुलिंब... बूड... अन् तुमी जरा चूप बसा, अय्युबभाई. सकाळपासून एकटे तुमीच बोलून राहिले.