न मिळणारे छर्रे

नको नको, त्या सायकलीला हात लावू नका साहेब — हात काळे होतील. आणि ती भाड्याची नाही, विकायचीही नाही, घरची आहे ती. तुम्ही असे स्टुलावर बसा. तुमच्या मागच्या चाकाची रिंग आउट झालीये, म्हणून ब्रेक घासतोय, पाच-दहा मिनिटांचं काम. नवीन दिसता गावात? — ओळखणार नाही का, तुम्ही चालणाऱ्यांच्या बाजूने सायकल हाकत आलात. डावी बाजू पायी चालणाऱ्यांची, उजवी सायकलींची, आणि पलीकडची मातीची पट्टी पळणाऱ्यांची, कुत्री फिरवणाऱ्यांची. पूर्वी इथे रूळ होते, गावाला वळसा घालून गाडी जायची. गाडी बंद झाली, रूळ उखडले, डांबर टाकलं, अकरा किलोमीटरचा गोल ट्रॅक झाला — आणि ह्या फाटकवाल्याच्या खोलीत मी दुकान थाटलं. अख्खं गाव सकाळी दारावरून जातं. कोण कुणाबरोबर जातं, तेही दिसतं.

ती? ती आमच्या हिची. मी बांधलीये — विकत नाही घेतली, बांधलीये. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. सांगाडा एका सायकलचा, चाकं दुसरीची, हँडल असं वळवलं की हिला वाकायला नको, हिची कंबर दुखते. रंग स्वतः दिला, तीन हात. आणि मग — काय मग, टांगून ठेवली तिथे वर. हिला चालवता येत नव्हती ना. गावभराच्या सायकली दुरुस्त करतो आणि बायकोला पायडल मारता येत नाही — दिव्याखाली अंधार. ही म्हणायची, शिकवा ना. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. रविवारी इथे गर्दी असते साहेब, तुम्हीच सांगा, दुकान टाकून मी बायकोची सीट धरून पळत बसू? आठ वर्षं गेली अशी. आठ वर्षं काही थोडी नाहीत, मला कळतं ते.

शिकवली कुणी, तर मोजणीदाराने. निवृत्त झालेला, जमिनी मोजायचा सरकारी खात्यात, एकटाच असतो. ह्या ट्रॅकची मोजणी म्हणे त्यानेच केली. कुठे चढ आहे, कुठे ओढ्यावरचा पूल दोन बोटं कलला आहे, सगळं पाठ — आणि ते सगळं सांगत बसतो. स्वतःची चेन उतरली तर बसवता येत नाही त्याला, माझ्याकडे घेऊन येतो. असंच एकदा आला, ही इथेच बसली होती, वर बघून म्हणाला, ही सायकल कुणाची? ही म्हणाली, माझी. म्हणाला, मग ती छताला का? — झालं. महिन्याभरात शिकली. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. तो बासष्टचा, मागे सीट धरून पळत होता, मी इथून बघत होतो, हातात पाना. लोक म्हणाले, वहिनींचं कौतुक आहे. मीही म्हणालो, कौतुक आहे.

कानामागून आला आणि तिखट झाला. नाही, वाईट माणूस नाही तो. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं, त्याला चार शब्द सुनावले असते. तो आपला हसून नमस्कार करतो. आणि हीसुद्धा हसते — हसते म्हणजे काय, त्या वळणापलीकडे असते ना, तेव्हा आधी हसणं ऐकू येतं आणि मग माणूस दिसतो. घरी आमचं बोलणं काय, मीठ झालं का, दिवा बंद केला का. मला वाटलं होतं ह्या वयात बायका हसायच्या थांबतात. तेहतीस वर्षांत मी तिला एवढं हसवलं नाही साहेब, आणि तो मोजमापं सांगून हसवतो. जळतो मी. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, तुम्ही आज आहात, उद्या नाही, म्हणून सांगतो.

आम्ही सहाला बरोबर निघतो घरून. मी दुकानाचं दार उघडतो, ही त्याच्याबरोबर पुढे जाते. पहिल्यांदा पन्नास मिनिटांत गोल पुरा करायची. मग एक तास. मग सव्वा. पाय तयार झाले की वेळ कमी व्हायला हवा की वाढायला? घड्याळ बघून बघून माझं कामात लक्ष लागेना, एकाचं मागचं चाक उलटं बसवलं मी, मी!

तर मग — तुम्ही हसाल. महिन्यापूर्वी हिच्या सायकलीचं मागचं चाक कुरकुरायला लागलं. ग्रीस हवं होतं, बाकी काही नाही. मी चाक खोललं, आतले छर्रे काढले — हे हो, हे पोलादी गोळे, ह्यांच्यावर चाक फिरतं — आणि खिशात टाकले. हिला म्हणालो, झिजलेत, आणि ह्या मापाचे आता मिळत नाहीत, मागवावे लागतील. हो म्हणाली. बरं म्हणाली. रोज विचारेल असं वाटलं होतं, एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो, आता बसेल इथे माझ्याशेजारी.

दुसऱ्या दिवसापासून पायी जायला लागली. आणि तो? तोही सायकलवरून उतरला. सायकल हातात धरून चालतो तिच्या बाजूने. सव्वा तासाचे तीन तास झाले. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आणि गोल पुरा झाला तरी पुरत नाही त्यांना, इथून पुढे जाऊन वळणावरच्या बाकावर बसतात. आता पावणेनऊ — येतीलच.

काय म्हणालात? तिला खरं वाटलं का? वाटणारच. तेहतीस वर्षं बायको आहे ती कारागिराची, माझा शब्द — आणि छर्ऱ्यांतलं तर तिला इतकं कळतं साहेब, सुरुवातीला मी घरीच काम करायचो, रात्रीचं जेवण झालं की ही परात घेऊन बसायची आणि सगळे मिसळलेले छर्रे निवडायची. डोळे मिटून. बोटाला लागला की माप सांगायची, कोणता पुढच्या चाकाचा, कोणता मागच्या, कधी चुकली नाही. त्या बरण्या आहेत ना मागे फळीवर, सहाच्या सहा, भरलेल्या, त्या तिनेच —

हं.

नाही, काही नाही. बरण्या भरलेल्या आहेत. मागच्या चाकाची तर काठोकाठ.

म्हणजे पहिल्याच दिवशी ओळखलं तिने... आणि बरं म्हणाली. महिनाभर माझ्यासमोर जेवते, त्याच फळीची धूळ पुसते, आणि बरं म्हणाली.

साहेब, जरा उठता? हिचं ते चाक धरा. असं, सरळ. तुमचं झालंय, काळजी नको, फक्त एवढं धरा. ग्रीस... हे बघा, नऊ इकडे, नऊ तिकडे, काही वेळ लागत नाही ह्याला. महिना लावला मी. चेन चढवली. फिरवा — ऐका, काही आवाज आहे? नाही ना? हवा ठीक आहे. तिला बाहेर काढू, उन्हात ठेवू, रस्त्याला तोंड करून. आली की दिसली पाहिजे.

आली — आले. ते बघा. ऐकलंत हसणं? आता बघा, दुकान जवळ आलं की थांबतं. थांबलं. रोज असंच.

अगं, ये. नमस्कार मोजणीदार. अगं, ही बघ, झाली तुझी. हो, मिळाले. मिळाले एकदाचे. फिरवून बघ. ... छान फिरतंय ना? मग घेऊन जा, उद्या सकाळी — काय? राहू दे?

चालायचीच सवय झाली म्हणतेस. बरं. नाही, नाही, माझं काय. ऊन लागू नये म्हणून आत ठेवतो. बसा जा तुम्ही बाकावर.

तुमचं झालं साहेब. तुम्ही त्याच बाजूला चाललात ना? मग उजवीकडून जा, आणि बाकापाशी घंटी वाजवू नका. हळू जा. काही कानावर पडलं तर — नको, परत येऊन सांगू नका मला. निघा तुम्ही.